खालचं बोट

५ डिसेंबर
आयुष्य आज दुपारी फिरलं. प्राचीनं माझं बोट धरलं तेव्हा.
बीकॉम अर्धं सोडल्यापासून मावशीच्या गोधड्या गिऱ्हाइकांकडे पोचवतोय. आज म्हटलं, मी पण शिवतो. (कारण: प्राची, म्हणजे इथून पुढे प्रा., रोज मावशीकडे शिवायला येते. दुसरं कारण नाही.) दहा टाक्यांत बोट लालभडक. प्रा. खारी गावची, तिखट. "आरं, अंगुस्तान घाल ना! बोट हाय का बटाटा?" स्वतःची पितळी टोपी काढून माझ्या बोटात घातली. गरम होती अजून.
जेवण गेलं नाही.

८ डिसेंबर
वरचं बोट वाचलं, आता डाव्या हाताचं, गोधडीखालचं. सुई खाली आली की टोचतेच. गोधडीच्या खालच्या फिकट साडीवर रक्ताचा ठिपका! मेलो म्हटलं. मावशी निवांत. "थुंकी लाव लेकरा. ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीनं जातं, दुसऱ्याच्या नाही." लावली. गेला!! प्रा. "शी!" करून इतकी हसली की सुईतला दोरा निघाला.
मावशीचा हुकूम: कातडी घट्ट व्हायला रोज तुरटीच्या पाण्यात बोटं. बुडवतोय.

११ डिसेंबर
डोकं चालवलं. खालच्या बोटाला चिकटपट्टीचे वेढे. काही टोचत नाही. सुसाट! सहा ओळी. प्रा.पेक्षा जास्त.

१२ डिसेंबर
प्रा.नं गोधडी उलटी केली. माझ्या सहाही ओळी वरच्यावर, खालच्या साडीत टाकाच नाही.
"खाली टोचला न्हाय तर तुला कलनार कसा सुई पोचली का?" आणि उसवायलाच बसली. माझं टाळकं सटकलं. म्हणालो, तूच शिव, मला नाही कोणाची गरज. अंगुस्तान फेकलं. मोरीत गेलं.
ती सुई खोचून उठली, चपला घालून निघून गेली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

१५ डिसेंबर
तिसरा दिवस, प्रा. नाही. मोरीतून अंगुस्तान काढून चिंचेनं घासलं. चकचकीत. मेसेज लिहिला. खोडला. लिहिला.
मावशी: "फेकताना बरा जोर होता हातात."

१७ डिसेंबर
मावशीनं तीच गोधडी पुढ्यात टाकली. "उरलेली शिव." बोट उघडं ठेवून बसलो. बघतो तर सहा ओळी परत शिवलेल्या! खालपर्यंत.
"तू शिवल्यास?"
"मला कुठला वेळ?"
कोपऱ्यात ठिपका. तपकिरी. थुंकी लावली, जाईना. माझं नाहीच ते, पट्टी होती तेव्हा. मावशीलाही लावायला लावली. जाईना!
मावशी म्हणे, वाळलं असेल म्हणून जात नसेल. काहीही.
म्हणजे ती घरी घेऊन गेली होती, आणि मी गोधड्या पोचवायला गेलेलो तेव्हा परत ठेवून गेली. रागात. माझ्या ओळी. बोट टोचून घेत.
गोधडी काखेत, अंगुस्तान खिशात, खारीला निघालोय. ठिपका तिनंच काढायचा. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. भांडली तरी चालेल.
"अरे, चहा तरी..."
"आल्यावर!"
हे जिन्यात उभा राहून फोनवर टाइप करतोय. दार ओढून घेतलं.