वरच्या मजल्याचा कर

३ मार्च
घरपट्टी तिप्पट! पाहणीला आलेल्या कारकुनाने वरच्या मजल्यावर वेगळं स्वयंपाकघर पाहिलं आणि नोंद करून मोकळा झाला — 'भाडेकरू'. भाडेकरू कसला, माझा सख्खा थोरला भाऊ आहे तो! आईने घर माझ्या नावावर केलं तेव्हापासून, सहा वर्षं, माझ्याशी बोलत नाही. वहिनीने चूल वेगळी मांडली. एवढंच. अबोल्यावर कर बसतो हे माहीत नव्हतं.

४ मार्च
हरकत नोंदवली. 'वर भाडेकरू नाही, सर्व एकाच कुटुंबातील.' झोकात सही ठोकली. सुटलो.

९ मार्च
सुटलो कसला! पालिकेच्या खिडकीवरची बाई म्हणते, आधी सगळी रक्कम भरा, मगच सुनावणी. म्हणजे जे देणंच लागत नाही ते आधी द्यायचं, आणि मग देणं लागत नाही म्हणून भांडायचं? दोनदा विचारलं. तिने दोनदा मान डोलावली.

११ मार्च
कर सल्लागार म्हणतो भरा, नाहीतर दर महिन्याला दंड चढेल. जिंकलात तर परत मिळतील. दुकानाशेजारचा शिंपी म्हणतो, भरलेत की कबूल केलंत. मला दोघांचंही पटतं! डोकं इतकं भणाणलंय की आज एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात उजवी काच डाव्या बाजूला बसवून दिली. बिचारा दुकानाची पायरी चुकला.

बायकोला विचारलं तर म्हणे, भरून टाका आणि हरकत मागे घ्या, कशाला उकरून काढताय. हिला काय झालं? एरवी भाजीवाल्यालासुद्धा सोडत नाही.

१७ मार्च
भरले. पावतीवर 'हरकत कायम ठेवून' असं लिहून घेतलं. म्हणजे भरलेत, पण मान्य नाही. बाहेर पडल्यावर आपण नक्की काय केलं तेच कळेना.

२५ मार्च
सुनावणीला दादालाच बोलावलंय. 'भाडं देत नाही' एवढंच त्याने सांगायचं. पण हे त्याला कोण सांगणार? तीनदा जिना चढलो, तिन्ही वेळा अर्ध्यातून परत. शेवटी बायको वर गेली. बराच वेळ लागला. खाली आली ती डोळे पुसत. येतो म्हणाले, एवढंच बोलली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

खरं सांगायचं तर आता कराची भीती वाटत नाही. दादा त्या अधिकाऱ्यासमोर मला भाऊ म्हणेल की नाही, याची वाटते.

२ एप्रिल
अधिकाऱ्याने विचारलं, भाडं देता का?

"देतो," दादा म्हणाला. "सहा वर्षं, दर पहिल्या तारखेला, याच्या बायकोकडे. याला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातलीय तिला. घर याचं आहे. धाकट्या भावाच्या घरात फुकट कसा राहू?"

हरकत तिथल्या तिथे मागे घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर कसंबसं म्हणालो, "दादा, पुढच्या महिन्यापासून नको देऊस."

"मग घर सोडतो."

"बरं, दे. पण माझ्या हातात दे."

तो थांबला. "पावती देशील?" म्हणाला.