पोरगा पाण्यावर आहे तोवर

अंटार्क्टिका,
दि. २० फेब्रुवारी १९८४

तीर्थस्वरूप सौ. आजीस,
ईश्वरचा शि. सा. न. वि. वि.

आज जहाज परत निघतंय, त्याच्यासोबत हे पत्र. आता डिसेंबरात दुसरं जहाज येईपर्यंत टपाल नाही. आम्ही मोजके लोक वर्षभर इथेच.

ललिताबाईंना सांग, पुढचं आबाजींना दोनदा वाचून दाखवा. आमच्या पायाखाली जमीन नाही. जमिनीवरचा बर्फ सरकत सरकत समुद्रावर आलेला, शेकडो फूट जाड, आणि तरंगतोय. वर इतकी थंडी की तो उन्हालाही दाद देत नाही. पण खोल समुद्रातलं जरा कोमट पाणी त्याच्या बुडाशी शिरतं आणि त्याला खालून खातं. वितळलेलं पाणी हलकं, ते बुडाला घासत बाहेर पडतं, की मागून आणखी कोमट पाणी आत. वरून काही दिसत नाही. कडेला समुद्राचाच पातळ थर गोठलेला असतो, तिथे भोक पाडून मी तारेला बांधलेला थर्मामीटर खाली सोडतो. आबाजींनी चाळीस वर्षं तलावाची पाळ राखली. पाणी बुडाशी कसं शिरतं हे त्यांना शिकवायला नको.

इथल्या थंडीला पुरेल इतकी तुम्हा दोघांची माया असू द्या.

तुझा,
ईश्वर


अड्याळ,
दि. १४ मे १९८४

चि. ईश्वर यास रंभाबाईचे अनेक आशीर्वाद.

मी बोलून राहिली न शेजारच्या ललिताबाई लिहून राहिल्या. बाई मास्तरीण होत्या, माझं बोलणं शाळेतल्यासारखं नीट करू पाहतात. मी करू देत नाही.

तुझं ते कोमट पाणी म्हणजे बोट घातलं त बोट गळून पडेल असं गार, म्हणतात बाई. मग त्याले कोमट काहून म्हणता रे? तिकडे आंघोळीचं पाणी कोणी पाहिलंच नाही वाटते.

आबाजीनं तुझी परीक्षा घेतली. बाजारातून भुशातला बर्फ आणला, घमेल्यात पाण्यावर सोडला, वरून ओलं पोतं टाकलं न उकिडवे बसून राहिले. पोतं उचललं त वरून लादी जशीच्या तशी. खालून हात घातला त वाटीएवढा खड्डा. मले म्हणाले, पोरगा खरं सांगून राहिला. मग म्हणाले, आता याचंच सरबत कर. त्यातला भुसा तुझा बाप गाळेल, म्हटलं.

थोडा दम लागते त्याईले. भंडाऱ्याले दाखवलं. तू काळजी करू नको. हे पत्र डिसेंबरात तुझ्या हाती पडेल, तोवर काळजी शिळी होईल.

आमची आठवण काढत जा, उचक्या लागल्या तरी चालतील.

तुझी आजी


अड्याळ,
दि. ३० ऑगस्ट १९८४

चि. सौ. शकुंतला हिस आईचा आशीर्वाद.

बाबाची तेरवी आटोपून तू वरठीले गेली न लगेच तुझं पत्र. ईश्वरच्या ऑफिसातून बिनतारी संदेश जाते, पोराले कळवू म्हणतेस. जाते, मले ठाऊक आहे. पण नको.

जायच्या आदल्या दिवशी बाबानं मले शपथ घातली. त्याच्या पायाखाली जमीन नाही म्हणाले, पाणी आहे. पोरगा पाण्यावर आहे तोवर सांगायचं नाही. जमिनीवर उतरला की सांग. आयुष्यभर मी त्याईचं एक ऐकलं नाही, हे एक ऐकते. तू आई आहेस, तुले जड जाईल. मलेही हलकं नाही.

जहाज निघायच्या आधी मीच पत्र धाडते. तू लिहू नको. तुले खोटं बोलता येत नाही, ते बाबावर गेलं.

जावईबापूले आशीर्वाद. वेळेवर जेवत जा.

तुझी आई


अड्याळ,
दि. ५ नोव्हेंबर १९८४

चि. ईश्वर यास अनेक आशीर्वाद.

इकडे समदं ठीक. धान चांगला आहे. आबाजी मजेत. सकाळी पाळीवर जातात, तिथंच बसून राहतात. दम लागत नाही आता. माझ्याशी भांडतही नाहीत पहिल्यासारखे, म्हातारपणी शहाणे झाले.

आणखी लिहायचं होतं, पण ललिताबाईचे डोळे दुखून राहिले.

कानाले बांधत जा. आबाजीचाही आशीर्वाद.

तुझी आजी


अंटार्क्टिका,
दि. ९ जानेवारी १९८५

तीर्थस्वरूप आजीस,
ईश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या नावाआधी काय लिहावं कळेना, म्हणून मोकळं सोडलं.

जहाज आलं. तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. पहिलं वाचून इतका हसलो की स्वयंपाकी पाहायला आला. दुसऱ्याचा कोपरा फाटलेला होता. सोबती म्हणाला, टपालात फाटला असेल. त्याच्या गावी मरणाच्या चिठ्ठीचा कोपरा फाडत नसतील. टपालात कागद असा आधी दुमडून, नखाने घडी घालून फाटत नाही. आणि ललिताबाई आबाजी मजेत आहेत असं लिहून कोपरा फाडणार नाहीत.

फाडलास तू. कोणीतरी तुझं तोंड बांधलं असणार, आणि आबाजींशिवाय तू कोणाचं ऐकणार? तू तोंडाने सांगितलं नाहीस, आजी. हाताला शपथ घालायचं ते विसरले.

मार्चात आम्ही परत निघू. हे पत्र माझ्याच जहाजातून येईल. गोव्याला उतरलो की टपालात टाकीन, म्हणजे माझ्याआधी पोचेल आणि मला दारात पाहून तुला काही सांगावं लागणार नाही. आईलाही वाचायला दे.

अशी चिठ्ठी वाचून लगेच फाडायची असते, घरात ठेवत नाहीत. मी फाडली नाही. मी घरात नाही, आणि तिच्यात आबाजी अजून सकाळी पाळीवर जातात.

आता दोघांची माया तुला एकटीलाच करावी लागेल.

तुझा,
ईश्वर