दाखल्याशिवाय प्रवेश नाही

३१ मार्च १९७५
देवीची चैत्री यात्रा पंचवीस दिवसांवर. गावातील प्रत्येक चूल यात्रेकरूंवर पेटते. पटकीचा एक रुग्ण आढळला, तरी कलेक्टरसाहेब परवानगी नाकारतील. म्हणून वेशीवर बांबू आडवा घातला. पटकीची लस टोचल्याचा, सहा महिन्यांच्या आतील दाखला असेल तरच प्रवेश. यात्रा समितीचा चिटणीस या नात्याने मसुदा मीच केला. अपवाद शून्य. यश निश्चित.

३ एप्रिल
रेवडीवाले रहमतुल्ला म्हणाले, "चिटणीससाब, खुद्द देवी आली तर तिलाबी दाखला मागता का काय?" विनोदाकडे दुर्लक्ष केले. माझा दाखला दाखवला. गावात सर्वप्रथम मीच टोचून घेतले होते.

९ एप्रिल, दुपारी सव्वादोन
माझी मुलगी बेबीनंदा टेंभुर्णीहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दाखला नाही. म्हणाली, "अप्पा, नववा लागलाय. डॉक्टर टोचायला न्हाई म्हणले." गर्भवतीसाठी नियमावलीत तरतूद नाही, हे शांतपणे समजावले. रांग पाहत होती. लगेचच्या बसने परत पाठवले. माझी पत्नी दुर्गाबाई बोचके घेऊन तिच्यामागे बसमध्ये चढली. "तुमची यात्रा तुम्ही भरवा," म्हणाली. सोबतीची सोय आपोआप झाली.

१० एप्रिल
भाकरी स्वतः केली. करपली. माझ्या निःपक्षपातीपणाचा बेबीनंदास अभिमानच वाटत असणार. यात्रा संपताच दोघींना आणीन. माळ्यावरचा पाळणा काढून पुसला.

१९ एप्रिल
गावात एकही रुग्ण नाही. तरीही परवानगी नाकारली. तालुक्यातील सर्वच यात्रा रद्द. रहमतुल्लांनी कढई पालथी घातली. बांबू मी काढलेला नाही. कोणीच येत नसल्याने नियमभंगही नाही.

३० एप्रिल
दुर्गाबाईचे पोस्टकार्ड. "बेबी सुटली. दोघं बरी हायेत." मुलगा की मुलगी, उल्लेख नाही. पत्रलेखनातील गंभीर त्रुटी. परवा जाऊन समक्ष विचारीन. डिंकाचे लाडू रहमतुल्लांच्या गौहरबी वळून देणार आहेत.

२ मे, परतीच्या बसमध्ये
बेबीनंदा कानाला फडके बांधून दारात आली. आत ये म्हणाली नाही. म्हणाली, "अप्पा, दाखला?" मी तत्परतेने काढून दिला. तिने तारखेवर बोट ठेवले. चौदा ऑक्टोबर. मुदत संपून अठरा दिवस झाले होते. तपासणी बिनचूक होती.
"घरात लेकरू हाय," म्हणाली.
लाडवांचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. आतून रडण्याचा आवाज आला, मग दुर्गाबाईचा जोजवण्याचा.
बस सुटल्यावर लक्षात आले. मुलगा की मुलगी, हे विचारायचे राहिले.