कोऱ्या लाकडाचा काढा

ब्राह्मणपुरी,
८ ऑगस्ट २०२४

ती. सिंधुताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पुन्हा पत्रच. सोबत चूर्णाचा तिसरा डबा आहे. बांधावरच्या पाच अगरूंपैकी एक तोडून मी स्वतः दळलंय. दम्यावर अगरू फार जुनं औषध आहे. आठ वर्षं ही झाडं मी पपईपेक्षा जास्त जपली. एक भोक, एक बुरशीचा डाग लागू दिला नाही. रोज काढा घे आणि डॉक्टरचा तो पंप ठेव कपाटात. तुझी भावजय मला वैद्यराज म्हणून चिडवते. चिडवू दे.

तुझा,
चुडामण

चिंचपाडा,
१९ ऑगस्ट

चि. चुडामण यास अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. दोन्ही वेळ काढा घेते. परवा ओट्यापासून विहिरीपर्यंत न थांबता गेले. पंप कपाटात, साड्यांखाली. चारुलताला म्हणावं, वैद्यराजांची दाढी करवून घे. मागच्या फोटोत रोगी तूच दिसत होतास. चौथा डबा लवकर पाठव आणि पत्र जरा मोठं लिही.

तुझी ताई

ब्राह्मणपुरी,
२ सप्टेंबर

ताई,

नमस्कार नंतर. आधी पंप बाहेर काढ.

काल उरलेलं खोड नंदुरबारला अत्तरवाल्या वाहिदभाईंना दाखवलं. त्यांनी तुकडा निखाऱ्यावर ठेवला, हुंगला आणि म्हणाले, चुडामणभाऊ, यामा ऊद नही शे. झाडाला जखम होऊन बुरशी शिरली, तरच ते आत ऊद, म्हणजे काळी सुगंधी राळ धरतं, आणि गुण काय तो त्या राळेत. मी तर दर पंधरवड्याला फवारणी केली! तीन महिने तुला नुसता भुसा पाजला आणि त्याच्या भरवशावर पंप सोडायला लावला. कालपासून घास उतरत नाही. तुला काही झालं असतं तर? रुपाला फोन केला, तर तुझी सून आधी हसली, मग म्हणाली, आईंनाच विचारा. लगेच कळव.

चुडामण

चिंचपाडा,
९ सप्टेंबर

चि. चुडामणास आशीर्वाद, आणि आधी जेव.

पंप माझ्या कंबरेच्या पिशवीतून एक दिवसही हलला नाही. मी म्हातारी आहे, खुळी नाही. विहिरीपर्यंत गेले ती त्याच्याच जोरावर. काढ्याला ना वास ना चव, हे पहिल्याच घोटाला कळलं होतं. तरी प्याले, भावानं दळलंय म्हणून.

खोटं लिहिलं, त्याबद्दल रागाव हवं तर. पण कान गेल्यापासून माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे कुणी बोलत नाही रे. रुपा बिचारी हातवारे करते. तुझ्या डब्यासोबत मात्र दोन पानं यायची. चूर्ण नको म्हटलं, तर तीही थांबतील अशी भीती वाटली.

उरलेली चार झाडं राहू देत. डबा नको, पानं पाठव.

माया अशीच कागदावर उतरत राहो.

तुझी,
सिंधुताई