भिंतीला न धडकणारी गाडी

सरावली, बोईसर

प्रिय प्रफुल्ल,

मी बोलतेय आणि फोन लिहितोय, तेव्हा चुका त्याच्या. तोंडी विचारलं असतं तर नेहमीसारखं तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून पत्र.

कंपनीत हात भाजले तेव्हापासून माझी बोटं आखडली ती आखडलीच. तू गाड्यांच्या शर्यतीचा गेम बनवलास आणि दोन अंगठ्यांचं काम एका तळहातावर आणलंस. स्क्रीनवर कुठंही हात टेकवला की गाडी उजवीकडे, उचलला की डावीकडे. पहिल्यांदा जमलं तेव्हा मला रडूच आलं. मग मी जिंकायलाच लागले. माझ्या तेजलला हरवलं, तिच्या बाबांना हरवलं, सालवडला नणंदेकडे जाऊन तिच्या अख्ख्या घराला हरवून आले. चाळभर मिरवलं, खोटं कशाला बोलू?

परवा शेजारची जिवली दारात बसून बघत होती. मी तिच्याशी गप्पा मारत खेळत होते. ती सहज म्हणाली, "ताई, तुमी बघत पन नाय, तरी गाडी धडकत कशी नाय?"

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. खिचडीत मीठ कमी पडलं तरी तोंड फुगवणारी आपली तेजल, पण माझ्याशी हरल्यावर कधी चिडत नाही. तुझा फोन आला की आधी तीच उचलून बाहेर जाते. सगळ्यांचाच संशय यायला लागला. दुपारी घरात कुणी नसताना मी स्क्रीनवर हात टेकवला आणि उचललाच नाही. समोर डावं वळण, त्यापुढे भिंत. गाडी शहाण्या बाळासारखी आपली आपण डावीकडे वळली.

तेजलला खोदून खोदून विचारलं. आधी पोटात दुखतंय म्हणाली, मग कबूल झाली. 'आपोआप वळण' तूच चालू करून ठेवलंस, आणि आईला सांगू नकोस म्हणून तिला बजावलंस. अरे, लहान पोरं खेळताना एखाद्याला कच्चा लिंबू धरतात, तसं तू तुझ्या थोरल्या बहिणीला धरलंस. मला फार राग आला आणि फार वाईटही वाटलं.

पुढच्या महिन्यात तू हा गेम माझ्यासारख्या हातांच्या सगळ्यांना देणार आहेस, त्याआधी हे तुला कळावं म्हणून लिहितेय. तळहाताची सोय आहे तशीच ठेव, ती सोन्यासारखी आहे. पण वळणाची मदत बंद ठेव, ज्याला हवी तो स्वतः चालू करेल. काल मी ती बंद करून तेजलशी खेळले आणि पहिल्याच वळणाला भिंतीत गेले. पोरगी पोट धरधरून हसली. अपघातानंतर या घरात मला कुणी हसलंच नव्हतं रे.

तुझीच,
सध्या शेवटून पहिली येणारी
दीपालीताई