आईचा वाल आणि माझी आम्ल जमीन

९ जुलै २०२३, रविवार

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन चार महिने झाले, आता जरा मागं काहीतरी राहिलं पाहिजे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो, पण वृत्ती मुळातून संशोधकाची. खात्याला ती कळली नाही.

मनकर्णाआक्का आली होती, माझी थोरली बहीण. सोयगावचं घर विकून ती आता लेकाकडं राहते, सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर. येताना आईचं गाडगं घेऊन आली. तांब्याएवढं, काळं. आत राखेत घोळवलेलं वालाचं बी. आमच्या आईचा वाल म्हणजे शेंगेला जांभळी कड, आणि शेंग हातावर चोळली की असा वास लागतो की साबणानं जात नाही.

आई गेली तेव्हा आक्कानं आम्ही राहतो त्या शेंद्र्याच्या जमिनीवरचा हक्क सोडून दिला. खुशीनं. फक्त हे गाडगं मागून घेतलं. मी तिला साडीसुद्धा नेसवली होती. तेव्हापासून दर भोगीला तिच्या परसातल्या शेंगा आमच्या भाजीत येतात.

तिसऱ्या मजल्यावर वेल कुठं लावणार. मला म्हणाली, "नाना, अर्धं पेर, अर्धं राखंत राहू दे. अन् भोगीला मला शेंगा आन." मी म्हणालो, आक्का, सगळं शास्त्रीय पद्धतीनं करतो. ती काही बोलली नाही. समाधान वाटलं असणार.

१२ जुलै

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. डोकं सुन्न झालं. जमीन आम्ल झाली की मातीतलं ॲल्युमिनियम सुटं होतं आणि मुळं जाळतं. नव्या जाती मान टाकतात. पण जुन्या गावरान शेंगांच्या काही जाती मुळातून स्वतःच एक आम्ल सोडतात आणि त्या ॲल्युमिनियमला बांधून टाकतात. शाळा नाही, कॉलेज नाही, आणि मुळाला एवढी अक्कल.

आईचा वाल याच जातीचा असणार. आता फक्त आपली जमीन आम्ल आहे हे सिद्ध व्हायला पाहिजे. असेलच. तीस वर्षं युरिया ओतलाय तिच्यात.

१३ जुलै, सकाळी ११

माती परीक्षण केलं. व्हिडिओत दोन चाचण्या होत्या, एक व्हिनेगरची, एक खायच्या सोड्याची. सोडा सरूनं भज्यात संपवला. (सरू म्हणजे आमची सौ.) नातवंडांच्या नूडल्ससाठी आणलेली व्हिनेगरची बाटली होती, तिच्यातलं थोडं मूठभर मातीवर ओतलं. फसफसून फेस आला! म्हणजे आम्ल. व्हिडिओ परत बघून खात्री केली असती, पण नेट संपलेलं. आणि एवढ्या फेसानंतर खात्री कसली करायची.

सरूचं म्हणणं, सरकारी लॅबला माती द्या. मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे, मला सरकारचं सांगू नये. मग तिनं तिचं नेहमीचं काढलं. बोअरच्या पाण्यानं गिझरला पांढरा थर चढतो, डाळ शिजत नाही. शास्त्राच्या वेळी हिला डाळ आठवते.

१६ जुलै

पेरणी. दोन ओळी, दोन मांडव. एका ओळीत चुना, दुसरी तशीच. आम्लावर उतारा म्हणजे चुना, हे सगळे मान्य करतात. फरक जगाला दिसेल.

चुना शहागंजात मुबारकभाईकडून आणला. त्यानं विचारलं, "इत्ता चूना? हवेली पोतनी है क्या?" मी नुसता हसलो. संशोधनात गुप्तता लागते.

ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या काकासाहेबांना फोन करून डिसेंबरचं व्याख्यान माझ्या नावावर लावून घेतलं. विषय: आम्ल जमीन आणि आपला वाल. ते म्हणाले, बघू. म्हणजे नक्की.

२ ऑगस्ट

बिनचुन्याची ओळ काय आलीय! हिरवीगार, मांडवाला हात घालतेय. आम्ल जमिनीत! सिद्धांत सिद्ध झाला. सरूला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, छान आलाय, आता याला काही करू नका.

चुन्याच्या ओळीत पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या. चुना कमी पडला.

२० ऑगस्ट

चुना वाढवला होता. ती ओळ गेली. पाऊस नाही, त्याला मी काय करणार. सगळा मराठवाडा वाळलाय.

गाडग्यातलं उरलेलं बी नुसतं राखेत झोपून होतं. ते काढलं आणि त्याच ओळीत पेरलं, ताज्या चुन्यात. सरू म्हणाली, आक्कांनी अर्धं ठेवायला सांगितलं होतं. मी समजावलं की पेरलेल्यापैकी अर्धं जिवंत आहे, म्हणजे हिशोब बरोबरच आहे. बायकांना शास्त्र समजावणं हा वेगळा अभ्यास आहे.

निश्चय: उद्यापासून चहा दोनच वेळा.

१४ सप्टेंबर, पोळा

दुसरी पेरणी उगवली नाही. बी जुनं असणार.

आक्काचा फोन. वेल मांडवावर चढला का? मी म्हणालो, चढला. खरंच चढलाय, एका ओळीत. मग विचारलं, राखेतलं बी नीट आहे ना. मी म्हणालो, गाडगं नीट आहे. यात एक शब्द खोटा नाही. म्हणाली, आईचं आता तेवढंच राहिलंय रे. फोन ठेवल्यावर चहा घेतला. चौथा.

८ ऑक्टोबर

वेलाला फुलं लागली. जांभळे तुरे, वर मधमाश्या. आणि नेमका आजच नवा व्हिडिओ दिसला. ॲल्युमिनियम हळूहळू मारतं. वरून पीक धडधाकट दिसतं, आत मुळं संपत असतात.

घाबरलो. सगळं बी पेरून बसलोय. ही ओळ गेली तर आईचा वाल संपला, आणि आक्काला तोंड कसं दाखवणार. वेल तर बिचारा विषात पाय रोवून फुलतोय. वाचवायलाच पाहिजे.

चुन्याची निवळी करून मुळाशी द्यायचं ठरवलं. सरूनं बादली दिली नाही, धुण्याची आहे म्हणाली. गाडगं रिकामंच होतं. त्यात चुना कालवला. सरू वेलापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, चांगला हाय तो. त्याला ऱ्हाऊ द्या." मी तिला ॲल्युमिनियम समजावून सांगितलं. ती आत गेली. गाडगं गाडगं भरून प्रत्येक मुळाशी ओतलं. कमी नको म्हणून निवळी न करता गाळासकट.

२४ ऑक्टोबर, दसरा

पानं पिवळी पडतायत. फुलं गळतायत. म्हणजे विष फारच खोल होतं. परत चुना दिला. मुबारकभाईनं आज काही विचारलं नाही, नुसतं पोतं उचलून दिलं.

१० नोव्हेंबर

मांडवावर फक्त काड्या राहिल्या. हातानं चाचपून पाहिलं, एकही शेंग धरली नव्हती. एकही नाही. सरू दिवाळीचे अनारसे करतेय.

कारणं: एक पाऊस, दोन युरिया, तीन वेळेवर बादली न मिळणं.

६ डिसेंबर

काकासाहेबांनी माझं व्याख्यान पुढं ढकललं. त्या जागी गुडघेदुखीचे डॉक्टर येणार आहेत. बरंच झालं. एवढा गहन विषय मंडळाला झेपला नसता.

१३ जानेवारी २०२४

उद्या भोगी. जाधववाडीच्या भाजीबाजारातून वालाच्या शेंगा आणल्या. तीन ढीग उलटेपालटे करून जांभळ्या कडेच्या निवडल्या. दिसायला अगदी तशाच. शेवटी वाल तो वाल. आक्काला आता नीट दिसत नाही, आणि तिचा आनंद महत्त्वाचा. सरूला चल म्हणालो. ती म्हणाली, तुम्हीच जा.

१४ जानेवारी, भोगी

आक्कानं शेंगा परातीत घेतल्या. एक उचलली, तळहातावर चोळली, हात नाकाशी नेला. परत नेला. मी टीव्हीकडं बघत होतो, बंद होता.

मग शेंगा निवडल्या, भाजी केली, तीळ लावून बाजरीची भाकरी केली. मला आग्रह करून वाढलं, लोण्याचा गोळा वर. तिनं स्वतः दोन घास खाल्ले. निघताना जिन्यापर्यंत आली, गुडघे दुखत असताना. म्हणाली, "नाना, गाडगं तेवढं परत आन."

बाकी एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ जानेवारी, संक्रांत, सकाळी

गाडगं घासायला घेतलं. आतून पांढरं फटक, चुना दगडासारखा बसलाय. राख लावली, काथ्या लावला, निघेना. सरू म्हणाली, व्हिनेगर घाला, गिझरच्या थराला मेकॅनिकनं तेच घातलं होतं.

बाटलीत निम्मं उरलं होतं, त्यातलं थोडं ओतलं. फसफसून फेस आला.

जुलैत मातीवर आला होता तसाच.

बाहेर जाऊन कुंपणापलीकडची माती आणली, जिथं मी चुन्याचा कणही टाकला नव्हता. तिच्यावर ओतलं. तिथंही आला. चुना मातीत पहिल्यापासून होता. माझ्या वडिलांच्याही आधीपासून असेल. आम्ल नव्हतंच. वेल धडधाकट होता, सरू म्हणत होती तसा.

उरलेल्या व्हिनेगरनं गाडगं स्वच्छ निघालं. दुपारी आक्काकडं नेऊन देतो. सरू म्हणाली, भांडं रिकामं परत देऊ नये, काहीतरी घाला त्यात. तासभर झाला, गाडगं पुढ्यात घेऊन बसलोय. काय घालावं ते सुचत नाही.