वायर काढलेली गिटार

इंदापूर,
१६ एप्रिल

प्रिय स्वराली,

आमच्या ऑर्केस्ट्राच्या हिंदुरावांचा तुला फोन येईल. रविवारी तिकडे बारामतीला कार्यक्रम आहे, गिटार गळ्यात घालून उभी राहा म्हणतील. त्यांना काही कळवण्याआधी हे वाच. मी फोनच केला असता, पण तू मध्येच हसलीस की मी विषय बदलतो.

परवाच्या जयंतीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तू ‘आमचे पप्पा’ असं लिहून हॉस्टेलभर पाठवलास. तो पुसून टाक. मला त्याची किळस येते.

दुसऱ्या गाण्याच्या मधल्या पीसला माझी पहिली तार तुटली. त्यात विशेष काही नाही, वीस वर्षांत कितीतरी तुटल्या. दुसरी गिटार सुरात लावून स्टँडवर ठेवलेली असते. आधी आवाज शून्यावर आणायचा, नाहीतर वायर काढताना स्पीकरमधून फटाका वाजतो. मग वायर उपसून दुसरीत खुपसायची. तेवढ्यात ढोलकीवाले सावळाराम माझ्याकडे बघून चार आवर्तनं जास्त वाजवायचे आणि लोकांना ती ढोलकीचीच जागा वाटायची. पिंपळीच्या जत्रेत एकदा दोन्ही गिटारी बंद पडल्या, तर भल्या माणसाने अख्खं कडवं एकट्याने ओढून नेलं. मागाहून मला शिव्या घातल्या, त्या वेगळ्या.

परवा हाताच्या सवयीने मी वाकलो, वायर उपसली आणि गिटार वाजतच राहिली. पीस माझाच, एकही सूर न चुकता. सावळारामांच्या जागी आता हिंदुरावांचा लॅपटॉप आहे, गिटारसुद्धा त्यातूनच वाजते. ते दात दाखवत पुटपुटले, "हात हालवा समाधानराव, नुसतं हात हालवा." आणि मी हालवले. पाच तारांवर, मान डोलावून, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, आपल्याच माणसांपुढे. लोकांनी शिट्ट्या मारल्या. व्हिडिओ नीट बघ, वायर माझ्या पायाशी लोळताना दिसेल.

नंतर डाळजच्या लक्ष्मीबाई गुडघे धरत स्टेजवर आल्या. माझी बोटं हातात घेऊन म्हणाल्या, "लेकरा, ह्या बोटांत लई गोडवा हाय." मी मान खाली घालून व्हय म्हणालो. घरी येऊन दोनदा साबणाने हात धुतले. हिंदुरावांचा राग येतोच, पण शिसारी माझी मलाच येते, कारण हे मला नवीन नव्हतं. दोन वर्षं माझी वायर मिक्सरला जाते आणि तिथे माझा आवाज बंद असतो. पहिल्याच दिवशी मला ते कळलं होतं. तरी घरी रोज तासभर वाजवत बसायचो, नव्या तारा आणायचो, म्हणजे तुझ्या आईला संशय यायला नको.

आता खरी गोष्ट लिहितो. गाडीत सामान भरताना हिंदुराव म्हणाले, "तुमच्यापरीस पोरगी उभी केली तर शोभून दिसंल. वाजवायला न्हाय आलं तरी चालतंय." तू चार वर्षं बोटं सोलून घेऊन शिकलीस. त्या माणसाच्या तिथल्या तिथे कानाखाली द्यायला हवी होती. त्यांनी तुझा नंबर मागितला आणि मी दिला. वर, ती माझ्या शब्दाबाहेर नाही, असंही बोलून बसलो. तेव्हा तू त्यांना नाही म्हण, पोरी. तुझ्या बापाला ते जमलं नाही.

तुझाच,
पप्पा